केवणीची गाठ आणि माझा वारा

मी कॉम्प्रेसर बोलतेय. ‘तो कॉम्प्रेसर’ म्हणणाऱ्यांनी आधी माझा आवाज ऐकावा, मग तोंड उघडावं.

डिचोलीत खनिजाच्या ट्रकांचे टायर फुगवण्यात माझं उभं आयुष्य गेलं. जयरामच्या दुकानात शंभर पौंडांखाली मी कुणाशी बोललेच नाही. मग खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले आणि माझ्या टाकीखाली कोंबडी अंडी उबवू लागली. तेही सोसलं.

यंदा चतुर्थीच्या तोंडावर जयरामच्या मेवण्यानं, नारायणानं, मला पार्स्याला नेलं. तिथं त्याची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. कुंचल्यानं काम उरकेना, म्हणून त्यानं रंगाची स्प्रे गन घेतलेली. अनंत या गिऱ्हाइकाचा थोरला गणपती रंगवायचा होता आणि तो सकाळी न्यायला येणार होता. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही, आणि ऐन वेळी दुसरी कुठून आणणार?

माझा पाइप टायरचा, जाडा. गनचं तोंड बारीक. दोन्ही जुळेनात. नारायणानं काय करावं? सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि वरून केवण आवळली. केवण म्हणजे रानातल्या सालीची दोरी. गणपतीवरची माटोळी, फळांची झुंबरं, तिनंच बांधतात.

त्याची बायको विनोदिनी म्हणाली, “अवो, माज्या भावाक फोन करा. ह्येका वायली, मापाची जोडणी लागता.”

“माजी माटोळी कदी पडली गो? पाच नारळ धरता ही गाठ!”

मी काट्यानं सांगत होते: बाबा, शंभरावर गेलेय! माझ्याकडे बघतो कोण? त्यानं कॉक उघडला.

फाट! पाइप सुटला आणि माशा वारणाऱ्या म्हशीच्या शेपटीसारखा चौफेर फिरला. निळ्या रंगाचा डबा नारायणाच्या डोक्यावर पालथा. दुसरा फटका गणपतीच्या सोंडेकडे निघाला, तसा नारायण मूर्तीला आडवा झाला. पाठीवर दोन वळ घेतले, पण हलला नाही. खरं सांगते, तेव्हा तो मला पहिल्यांदा आवडला.

विनोदिनीनं धावत येऊन माझा कॉक बंद केला.

मग तिनं फोन केला, तसा तिचा भाऊ जयराम आला. आधी त्यानं माझ्यातली हवा सोडली, पोटात साचलेलं गंजाचं पाणी काढलं. ते रंगात थुंकले असते तर देवाला देवी आल्या असत्या! मग रेग्युलेटर लावला, मापाचं कपलिंग बसवलं, काटा पस्तिसावर आणला.

“भावोजी, नारळ खाली वडता. वारो भायर लोटता. केवणीक त्येचा काय म्हायत?”

निळ्या नारायणानं गन उचलली. मी गणपतीच्या गालावर अशी हलकेच फुंकर घातली, की माझी मलाच ओळख पटेना.

सकाळी अनंतानं विचारलं, “नारायणा, कान निळो कित्याक रे?”

“देवाक लावन उरलो तो रंग,” विनोदिनी म्हणाली.

आता माझं एवढंच ऐका. मला जोडण्याआधी हत्याराला किती वारा सोसतो ते विचारा. काढण्याआधी कॉक बंद करा, उरलेली हवा सोडा. माझ्या तोंडाला दोऱ्या बांधू नका. मी गप्प बसणारी नव्हे.

आणि ती केवण? त्याच दोरीनं नारायणानं अनंताकडची माटोळी बांधून दिली. नारळ, काकडीसारखं जाड तवसं, सुपारीचा घड, सगळं विसर्जनापर्यंत जागच्या जागी. तिला मी कधी नावं ठेवली?