बोलक्या पेल्यातलं तिसरं प्रकरण

मावशीच्या डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू.

प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये एक रिकामी पिशवी.

सभागृहात काचेचा पेला, त्यात बर्फाचा तुकडा, आणि त्याला कान लावायला रांगेत उभी अख्खी गल्ली.

या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे हिमनद्यांवर पीएच.डी. करणाऱ्या भाचीला मावशीचा हात धरून सभागृहात शिरेपर्यंत ठाऊक नव्हतं.

"पेल्यातून तुझे काका बोलतात गं," मावशी म्हणाली. "स्वच्छ म्हणाले, ऑपरेशन करू नकोस."

"नजर जाईल मावशी. आणि काका? जिवंतपणी तुझ्यापुढे त्यांना एक वाक्य पुरं करता आलं नाही."

"म्हणून तर आता बोलतात."

व्यासपीठावर बर्फबाबा गरजत होते. "हा पूर्वजांचा श्वास आहे. बर्फातली ही करडी रेघ त्यांची राख. कान लावा, शंका बाहेर ठेवा."

पेल्यात खरंच कुजबुज चालली होती. पण भाचीचे डोळे त्या रेघेवर खिळले. ज्वालामुखीच्या राखेची ती रेघ तिने वर्षभर अभ्यासली होती. मग तिने बाबांकडे नीट पाहिलं. दाढीआड प्रयोगशाळेचा फ्रीझर दुरुस्त करणारा मेकॅनिक होता.

ती ओरडली नाही. रांगेत उभी राहिली.

"बाबा, माझ्या मामांशी बोलायचंय."

बाबांनी डोळे मिटले. पेला कुजबुजला. "मामा म्हणतात, मी वर सुखात आहे."

"कसला सुखात," वरच्या गॅलरीतून मामा म्हणाले. "इथे पंखा बंद आहे."

हशा ओसरल्यावर भाचीने पेला उचलला. "हिमनदीत बर्फाचे थर एकमेकांना दाबतात, हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. बर्फ वितळला की बुडबुडे फुटतात, तोच हा आवाज. घरच्या फ्रीजमधला बर्फ पाण्यात टाका, एकदोनदा तडकेल आणि गप्प बसेल. मावशी, ही हवा काकांच्या जन्माच्या कितीतरी शतकं आधीची आहे."

"मग आम्ही रोज तीर्थ म्हणून प्यायलो ते पाणी कसलं?" पुढच्या रांगेतल्या शिंप्याने विचारलं.

"आमच्या फ्रीझर मेकॅनिकने, म्हणजे या बाबांनी, पळवलेलं माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण."

बाबा मागच्या दाराकडे वितळू लागले.

मावशी मात्र शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत पेल्याला कान लावून बसली. मग म्हणाली, "डॉक्टरांना सांग, येते. नीट दिसत असतं तर मीच ओळखलं असतं मेल्याला. आपला फ्रीजही यानेच बिघडवला होता."

आवाज आला की तो कोणाचा हे मानण्याआधी तो कशाचा, एवढं विचारावं. आपल्या माणसाच्या आठवणीने जीव कासावीस झाला असेल, तेव्हा तर नक्कीच विचारावं.

बाबांची पहिली सभा भरली त्याआधीच्या उन्हाळ्यात, हा बर्फ जिथून काढला होता ती जागा वितळून तिथे तळं झालं होतं; तसा बर्फ आता पुन्हा मिळणार नव्हता.