काठोकाठ भरलेला प्याला

मित्रांनो, मी एक जुना प्याला आहे. निळ्या अंगावर पांढरी कापसाची बोंडं आणि कुशीला तारेच्या टाक्यांनी सांधलेला तडा. ओयनिसाबाई लग्न होऊन मर्गिलान शहरातल्या या घरात आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही आलो.

आमच्याकडे चहा थोडाथोडा ओततात. संपला की पुन्हा उठून ओतायचा. माया त्या उठण्यातच असते. काठोकाठ भरून दिला, की पाहुण्याने समजावं, आता निघायला हवं. बाईंच्या घरात मी कधीच काठोकाठ भरलो नव्हतो.

पुढे बाई अंथरुणाला खिळल्या. मुलगी दिलफुझा नोकरी सोडून त्यांचं सगळं करू लागली. कुणी विचारलं की म्हणायची, "मी ठीक आहे. जरा दमलेय, इतकंच."

शेवटचा दिवसही रोजच्यासारखाच होता. अंगणात जर्दाळू वाळत होते. बाई सकाळपासून सारखा चहा मागत होत्या. पुन्हा हाक आली, तेव्हा दिलफुझाने मला काठोकाठ भरलं आणि उशाशी आदळलं. चादरीवर चहा सांडला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काय गं, भरून दिलास? निघू का मी?"

"काहीतरीच तुझं, ओयी! सारखं उठायला नको म्हणून भरला." आईला ती ओयी म्हणायची.

"बरं बाई. मला वाटलं, हाकलतेस." बाई हसल्या, एक घोट घेतला आणि मला खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

भेटायला आलेली शेजारची सबोहत खाला, म्हणजे मावशी, म्हणाली, "पोरी, आईचं केलंस तसं कुणी करत नाही." दिलफुझाची मान आणखीच खाली गेली.

"अगं, रडून तरी घे. काय होतंय तुला?"

"काही नाही, खाला. दमलेय."

"दमलेलं माणूस झोपतं. तू तर चोरी केल्यासारखी बसलीयेस."

त्या दिवशी दिलफुझाने मला कपाटात मागे सारून पालथं घातलं. मलाही अपराधी वाटत होतं. भरलो होतो तो मीच ना!

मित्रांनो, आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला नुसतं "दमलीस का?" असं विचारू नका. राग येतो का, कंटाळा येतो का, तेही विचारा. आणि उत्तर ऐकून त्याला वाईट ठरवू नका.

आज सकाळी तिने मला बाहेर काढलं, धुतलं, तळाशी घोटभर चहा ओतला आणि आईच्या रिकाम्या गादीपाशी ठेवलं. मग मोठ्याने म्हणाली,

"ओयी, मी नुसती दमले नव्हते. मला तुझा राग आला होता. सुटू दे एकदाचं, असं वाटलं होतं. तू हसलीस, तेव्हा तुला ते कळलं की काय, याची भीती वाटली. माया होतीच गं, पण रागही होता. हा बघ, थोडाच ओतलाय. संपव. मी पुन्हा उठेन."