डावा पीळ

शनिवारी सकाळी दहाच्या आत आर्गिरिस तीन वेळा जिना उतरून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेला आणि तिन्ही वेळा सिगारेट न घेता परत आला. पहिल्यांदा त्याने पेपर घेतला, दुसऱ्यांदा च्युइंगम. तिसऱ्यांदा हातात घड्याळ असताना टपरीवाल्याला वेळ विचारली.

त्याची बायको लांब्रिनी स्वयंपाकघरात गहू उकडत होती. उद्या नासोचा चाळिसावा, त्याला जाऊन चाळीस दिवस पुरे होणार होते. चर्चमध्ये वाटायचा गव्हाचा गोड प्रसाद, कोलिवा, तिच्याकडेच होता.

“आता चौथ्यांदा जाणार असशील तर कचरा घेऊन जा,” ती म्हणाली.

“कोण चाललंय?”

“तुझे पाय. अरे, बूड टेक की जरा! फरशी झिजवलीस सकाळपासून.”

तो बसला. बसला म्हणजे खुर्चीला टेकला, गुडघा चालूच होता. समोर टेबलावर वेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, खोललेलं पडलं होतं.

ग्रीसमधल्या यानिनाच्या जुन्या बाजारात नासो आणि आर्गिरिसने छत्तीस वर्षं एकाच बाकावर चांदीचं तारकाम केलं. दोघंही एक नंबरचे सिगारेटखोर. चार वर्षांपूर्वी नासोने वेप धरलं, सिगारेट सोडली आणि आर्गिरिसलाही फरफटत सोडायला लावली. वेपचा वरचा भाग नासोने स्वतःच्या लेथवर कातला. तापणारी तार, म्हणजे कॉइल, तोच वळायचा, तोच बसवायचा, आत कापूस भरायचा आणि म्हणायचा, “ओढा, महाराज.” महाराजांनी चार वर्षांत बोटसुद्धा हलवलं नाही. आयतं मिळत असलं की माणूस असाच सोकावतो.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत नासोने त्याच्या हातात घशाच्या गोळ्यांची डबी ठेवली. आत पाच कॉइल होत्या.

“एकेक आठवडाभर पुरेल. पुढचं तुझं तू बघ. आणि ऐक, माझ्या चाळिसाव्याला सिगारेट ओढून आलास ना, तर तिथंच उठून बसेन. पाद्रीबुवा पळत सुटतील.”

आर्गिरिस हसला होता आणि त्याने शब्द दिला होता. नासोने त्याच्याकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

पाचही कॉइल बिनबोभाट बसल्या. पाचवी काल संध्याकाळी जळाली. तेव्हापासून तोंडात जळक्या फडक्याची चव होती आणि उद्या सकाळपर्यंतचा वेळ काही केल्या सरत नव्हता.

तारेचं रीळ त्याने विकत आणलं होतं. बारीक ड्रिलवर सात वेढे घातले. काय सुरेख वळली! ज्याने केसाएवढ्या चांदीची फुलं केली, त्याला हे काय अवघड? तारेची दोन टोकं वेपमधल्या दोन खांबांच्या स्क्रूखाली घातली, स्क्रू पिळला आणि टोक सटकन बाहेर आलं. पुन्हा घातलं, पुन्हा आलं. शेवटी चिमट्याने दाबून धरून पिळलं, तर ते जाऊन वेपच्या आतल्या भिंतीला टेकलं. वेपच्या इवल्याशा पडद्यावर अक्षरं आली: शॉर्ट.

दुसरी वळली. शॉर्ट. तिसरी, चौथी. तेच.

“तारच भिकार आहे!”

“हो, तारच. तुझं कधी चुकलंय?” आतून आवाज आला.

“तू गव्हाकडे बघ!”

तो उठला, कचऱ्याची पिशवी उचलली आणि चौथ्यांदा खाली गेला. या वेळी परत आला तेव्हा शर्टाचा खिसा चौकोनी फुगला होता. लांब्रिनीने तो पाहिला. एरवी तोंडाचा पट्टा सोडणारी बाई नुसती गव्हाकडे वळली, आणि ते त्याला जास्त लागलं. त्याने पाकीट काढून टेबलावर ठेवलं. फोडलं नाही, पण त्यावरून नजरही हलेना. त्याला स्वतःची शरम वाटली.

हातांना चाळा हवा म्हणून त्याने जळालेली कॉइल उचलली आणि सवयीने भिंग डोळ्याला लावलं.

वेढे उलटे होते.

त्याने आपली कॉइल शेजारी धरली. हिचे वेढे उजवीकडे, नासोच्या कॉइलचे डावीकडे. तारकामात दोन बारीक तारा एकत्र पिळतात. एक पीळ उजवा, एक डावा, आणि दोन्ही शेजारी ठेवले की गव्हाच्या ओंबीसारखी वेणी दिसते. छत्तीस वर्षं उजवा पीळ याचा, डावा नासोचा. त्या डावखुऱ्याने लेथवर खांबसुद्धा आपल्याच हाताच्या सोयीने कातले होते. त्यात उजवी तार घातली की स्क्रू तिला बाहेरच ढकलणार.

“डावखुरा होता मेला!” आर्गिरिस ओरडला.

“आज कळलं?” लांब्रिनी पळी घेऊन दारात आली. “जेवायला शेजारी बसलात की दर वेळी कोपराला कोपर आपटायचं तुमचं. सूप सांडायचं माझ्या टेबलक्लॉथवर.”

त्याने ड्रिल उजव्या हातात धरलं आणि तार डाव्या हातात घेतली. हात ऐकेना. वेढे शिकाऊ पोराने घातल्यासारखे आले, एक तर चक्क तिरका. ही असली कॉइल बाकावर दिसती तर नासोने बाजारभर दाखवत फिरवली असती. पण टोकं स्क्रूखाली गेली, आणि स्क्रू पिळला तसा त्यानेच ती आत ओढून घेतली.

बटण दाबलं. एकच कड लाल झाली. नासो अशा वेळी कॉइलवरून चिमटा हळूच फिरवायचा, तार छेडल्यासारखा, आणि झालेल्या कामाला कशाला डिवचतोस म्हणून आर्गिरिस त्याच्यावर खेकसायचा. आता त्याने स्वतःच चिमटा फिरवला. पुन्हा दाबलं. पुन्हा फिरवला. चौथ्या वेळी लाली मधोमध उमटली आणि सावकाश दोन्हीकडे पसरली.

कापूस भरला, लिक्विडचे थेंब टाकले, झाकण लावलं. त्याने ओढलं. जळकी चव गेली होती. गुडघा कधी थांबला हे त्याला कळलंही नाही.

पाकीट त्याने न बघताच बाजूला सारलं. इतके दिवस तो ‘नासो हॉस्पिटलात होता तेव्हा’ म्हणत आला होता, ‘नासो नाहीये सध्या’ असंही म्हणाला होता; ‘गेला’ असं एकदाही नाही.

“लांब्रिनी,” तो म्हणाला. “नासो गेला गं.”

तिने गॅस बंद केला, येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली आणि त्याचा डावा हात हातात घेतला.

“हो रे,” ती म्हणाली. “उद्या चाळीस दिवस होतील.”