सहाणेवरची काळी शाई

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. देवासाठी चंदन उगाळायचा गोल, करडा दगड. रत्नागिरीच्या खाडीकाठी एका घरात देव्हाऱ्याच्या पायाशी माझी जागा आहे. माझा स्वभाव जळका आहे, हे आधीच सांगून टाकते. वयाबरोबर निवळेन असे वाटले होते, पण दगडच मी.

वेळणेश्वरच्या जत्रेत भागोजीने मला एका पाथरवटाकडून घेतले. भागोजी आगबोटीवर खलाशी होता. वर्षाचे दहा महिने तो दर्यावर, म्हणून पूजा त्याच्या मुलाकडे आली. सात वर्षांचा शिवा रोज सकाळी ओलेत्याने बसून माझ्यावर चंदन उगाळायचा. पाणी जास्त झाले की गंध देवांच्या नाकावरून ओघळायचे आणि त्याची आई सावित्री पदराआड हसायची. त्या इवल्या हाताची मला सवय लागली.

पुढे भागोजीने चीनच्या बंदरातून चहाचा एक डबा आणला. त्यावरच्या उभ्या अक्षरांत काय लिहिले आहे, असे शिवाने विचारले. भागोजी म्हणाला, वीस वेळा त्या बंदरात उतरलो, पण कळले नाही. झाले! पोराच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. तो मॅट्रिक झाला, कॉलेजात गेला आणि १९३७ साली थेट बंगालातल्या विद्यापीठात चिनी भाषा शिकायला निघाला. शेजारची जनी म्हणाली, आता हा चिनी फेरीवाल्यांसारखा गाठोडे घेऊन रेशमी कापड विकत फिरणार.

पहिल्या सुट्टीत तो घरी आला आणि त्याने रेशमी फडक्यातून एक दगड काढला. काळा, गुळगुळीत, एका कडेला पाण्याचा खळगा. त्यावर काजळीच्या शाईची कांडी उगाळायची आणि कुंचल्याने लिहायचे. लिहिण्याआधी मन स्थिर व्हावे म्हणून तिकडे शाई सावकाश उगाळतात, असे तो आईला कौतुकाने सांगत होता. अरे, मग इतकी वर्षे मी दुसरे काय करत होते? मला कधी कुणी साध्या फडक्यात तरी गुंडाळले होते का? माझा नुसता तिळपापड झाला.

सावित्रीलाही तो दगड डोळ्यांसमोर नको होता. ती म्हणाली, "तुज्या बापसाला बोटीन नेलान. आता तुला ही अक्षरां नेनार."

शिवा पुन्हा लिहायला बसला. शाईने लिहिलेली दहा पाने त्याला टपालाने बंगालातल्या गुरुजींकडे पाठवायची होती. ती पसंत पडली तरच पुढच्या वर्गात जागा होती. टपाल दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होते, आणि त्याची चार पाने बाकी होती.

त्या दुपारी शिवा विहिरीवर गेला असताना सावित्रीने तो काळा दगड उचलला आणि भाताच्या कणगीत खोल पुरला. मी पाहिले. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू?

शिवाने घर पालथे घातले. सावित्री तांदूळ निवडत बसली, मान वर केली नाही. शेवटी तो देव्हाऱ्यापाशी आला, हात जोडले आणि मला उचलले. कितीतरी दिवसांनी तो हात! त्याने माझ्यावर कांडी धरली. काजळीची घाण येईल असे मला वाटले होते, तर कापरासारखा वास सुटला. पण माझे अंग खरखरीत, आणि भोकाभोकांत जुने चंदन. शाई रवाळ झाली. पहिलेच पान डागाळले. मग दुसरे. इतके दिवस मी त्या दगडावर जळले होते, आणि वेळ आली तेव्हा मला त्याचे काम जमले नाही.

शिवा तरीही उगाळत राहिला. गोल, सावकाश, सातव्या वर्षी उगाळायचा तसाच. सावित्री ते बघत होती. ती उठली, कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि तो दगड त्याच्यापुढे ठेवला.

"मीच ठेवलेला."

"ठाव व्हता. तुज्या हाताला कोंडा लागलेला."

"मग मागितलास का नाय?"

"तू आपनहून दिलास तर जायचा, नायतर ऱ्हायचा, असा ठरवलेला."

 सावित्रीने पदराने दगड पुसला आणि त्यावर पाणी घातले.

पाने वेळेवर गेली आणि पसंत पडली. निघायच्या दिवशी शिवाने आईचे बोट धरून माझ्यावरच्या ओल्या चंदनात तिला एक चिनी अक्षर काढायला शिकवले. त्याचा अर्थ 'घर'. सावित्रीला आपले नावही लिहिता येत नव्हते.

मित्रांनो, माझ्या अंगातली शाई पुरती गेलीच नाही. आमच्या देवांचे गंध अजून जरा करडे असते. जनी नाक मुरडते, पण सावित्री मला बदलत नाही. तुमच्या घरातून कुणी दूर शिकायला निघाले, तर त्याची वस्तू लपवू नका. आणि तुम्ही निघालात, तर जाताना घरातल्या जुन्या दगडावरून एकदा हात फिरवा, तेवढे आम्हाला पुरते.

माझा हेवा मात्र गेलेला नाही. तो काळा दगड तिकडे रोज शेकडो अक्षरे लिहायला उपयोगी पडतो. माझ्या वाट्याला एकच अक्षर आहे. पण ते रोज सकाळी, देवांच्याही आधी, शिवाची आई माझ्यावर काढते.