मास्तरांच्या हाताची घडी

"तुझा नवरा गुर्मीत आहे," आमच्या हॉटेलचा मॅनेजर रूलोफसाहेब म्हणाला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचे मास्तर आणि गुर्मीत! बाजारात कुणी पायावर पाय देऊन गेलं तर "चुकलं हं माझं" म्हणणारा माणूस. तिकडे ब्रह्मदेशात दवेईच्या शाळेत सोळा वर्षं गणित शिकवलं, एका पोराला कधी छडी लावली नाही. मी बायको आहे, मला चारदा वाटलंय की या माणसात थोडी तरी गुर्मी असती तर बरं झालं असतं.

"काय केलं त्यांनी, साहेब?"

"माझ्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. पूर्ण वेळ! काम मागायला आला होता की माझी परीक्षा घ्यायला? बागेत एक माणूस हवाय मला, पण असला नको."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, हात!

आदल्या दिवशी दोन तास बसवून मी मास्तरांना सगळं पढवलं होतं. पान खायचं नाही. दात मिठाने घासा. गालावरचा तनाखाच्या सालीचा लेप पुसून जा, लुंगी नको, पँट घाला. या गोऱ्या लोकांच्या डोळ्यांत बघून बोलायचं, खाली बघितलंत तर चोर समजतात. हसा, पण फार हसू नका. मास्तर वहीत लिहून घेत होते, खोटं नाही सांगत, वहीत! आणि मी महामूर्ख, हातांचं सांगायचंच विसरले.

आमच्या ब्रह्मदेशात मोठ्या माणसासमोर हात लोंबकळत सोडून कोणी उभं राहत नाही. भिक्खूंसमोर, आजोबांसमोर, मास्तरांसमोर हाताची घडी घालायची आणि मान थोडी वाकवायची. हात सैल सोडले की आई मागून टपली मारते, "कुणासमोर उभी आहेस, कळतंय का?" अकरा वर्षांपूर्वी मी इथे थायलंडात, फुकेत बेटावर आले, खोल्या झाडायच्या कामाला लागले, तेव्हा मीही घडी घालूनच उभी राहिले होते. तेव्हाच्या थाई मुकादमबाईने मनगटावर असा फटका मारला की हात आपोआप खाली आले. ते आजतागायत खालीच आहेत. इतके खाली, की घडी घालतात हेच मी विसरून गेले.

"साहेब," मी म्हटलं, "ते मान देत होते तुम्हाला. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. गुर्मी नाही हो, उलट आहे."

रूलोफ हसला. "हे बघ न्वे. मी माणसांच्या शरीराची भाषा शिकलोय. त्याचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. बांधलेले हात काय सांगतात ते मला कळतं. आणि तुमच्याकडचं तुमच्याकडे. तुम्ही इथे पाहुणे आहात, इथल्यासारखं वागायला शिका."

पाहुणे! आणि तू कोण रे मेल्या? तू काय इथल्या नारळाच्या झाडावरून पडलास? आठ महिने झाले तुला हॉलंडहून येऊन. मी अकरा वर्षं इथल्या चादरी बदलतेय. परदेशी मीही, परदेशी तूही. तुला विमानतळावर फुलांची माळ घालतात, मला कागद दाखव म्हणतात, एवढाच काय तो फरक.

हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "बरं, साहेब."

तो बुधवार होता. शुक्रवारी दुपारी चार वाजता मास्तरांची मुदत संपत होती. आम्हा लोकांच्या कामाच्या परवान्यावर, त्या गुलाबी कार्डावर, मालकाचं नाव लागतं. मास्तर ज्या बांधकामावर विटा वाहत होते त्याचा कंत्राटदार काम अर्धवट टाकून पळाला. नवा मालक मिळाला नाही, तर बेट सोडायचं आणि सरहद्दीवरच्या रानोंगवरून खाडी ओलांडून परत जायचं. परत म्हणजे कुठे? लष्कराने राज्य बळकावलं तेव्हा ज्या मास्तरांनी शाळा सोडून रस्त्यावर उभं राहायचं ठरवलं, त्या सगळ्यांची नावं तिकडे चौकीत लिहून ठेवलीत. यांच्याबरोबर भूगोल शिकवणारे मास्तर परत गेले. त्यांची बायको दर मंगळवारी तुरुंगाच्या दाराशी डबा घेऊन जाते. आत ते आहेत की नाहीत हेसुद्धा तिला कोणी सांगत नाही.

घरी जाऊन मी मास्तरांवरच ओरडले. राग कुठे काढायचा मग?

"हातांना काय झालं होतं तुमच्या? खिशात घालायचे, मागे बांधायचे, कापून ठेवायचे घरी!"

मास्तर तांदूळ निवडत होते. म्हणाले, "माझं चुकलं. जाऊन माफी मागू का त्याची?"

"कशाची माफी? मान दिल्याची?"

"त्याला वाईट वाटलं ना."

मी ताटली आपटली. या माणसापुढे हात टेकले मी!

गुरुवारी आम्ही दारोदार फिरलो. एका हॉटेलात म्हणाले जागा नाही. लाँड्रीवाला म्हणाला, चाळिशीच्या आतला हवा. मास्तर शाळेत पोरांचे केस फार छान कापायचे, पण इथे केस कापायचं काम परदेशी माणसाला करता येत नाही, कायदाच आहे. वाटाड्याचंही नाही. इंग्रजी शिकवायला मात्र परदेशीच लागतात, पण आमच्या रंगाचे नाही. एका शिकवणीच्या दारातून तर मास्तरांना पाणी पोचवायला आलेला माणूस समजून मागच्या दाराने जायला सांगितलं. मास्तर मागच्या दाराने गेलेसुद्धा. मला रस्त्यात बसून बोंब मारावीशी वाटली.

शुक्रवारी सकाळी साडेसात. स्वयंपाकघरामागच्या अंगणात आम्ही चाळीस जण, सगळे ब्रह्मदेशातलेच, ओळीत उभे होतो, रोजच्या हजेरीसाठी. त्या दिवशी दुपारी बारा वाजता पाहुण्यांच्या पाच बस येणार होत्या. एकशेवीस खोल्या तयार करायच्या होत्या. रूलोफ अजून आला नव्हता.

मागच्या फाटकातून मास्तर आत आले. खांद्यावर पिशवी. खोलीची किल्ली मला द्यायला आले होते, रानोंगची बस नऊची होती. थांबा म्हणायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"सया!" भांडी घासणाऱ्यांतली तांदार ओरडली. आम्ही मास्तरांना सया म्हणतो. तांदार आठवीत त्यांच्या वर्गात होती. हातातला साबण तिने पायापाशी टाकला आणि हाताची घडी घालून मान वाकवली.

शेजारच्या दोघी दवेईच्याच. त्यांनीही घडी घातली. मग माळी, मग धोबीखान्यातली माणसं. मास्तर कुणाचे का असेनात, मास्तर ते मास्तरच. बुद्ध, धर्म, संघ, आईबाप आणि मास्तर, आमच्याकडे सगळ्यांना एकाच ओळीत बसवलंय. बघता बघता चाळीस जण घडी घालून उभे.

मास्तरांचे डोळे भरले. म्हणाले, "तांदार, अपूर्णांक जमतात का गं आता?"

"नाही सया. पण फुटलेली ताटं बरोबर मोजते."

कोणी हसलं, पण हात कोणी सोडले नाहीत. मास्तरांनी सांगितल्याशिवाय सोडायचे नसतात.

"मी निघालो बाळांनो," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडून रूलोफ बाहेर आला. हातात कॉफीचा कप. त्याने आम्हाला बघितलं आणि तो जागीच थिजला. चाळीस माणसं, ऐंशी हात, सगळे बांधलेले. कोणी बोलत नाही, कोणी हलत नाही.

"हे काय चाललंय?" त्याचा आवाज चिरकला. "न्वे! काय हवंय यांना?"

खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण खरं मी बुधवारीच सांगितलं होतं. तेव्हा त्याला ते नको होतं.

"साहेब, बागेत एक माणूस कमी आहे ना?" मी म्हटलं.

"संप? बाराला बस येतायत आणि तुम्ही संप करताय?"

"मी कुठे संप म्हटलं? मला बाई काय कळतंय. बांधलेल्या हातांची भाषा तुम्ही शिकलाय."

त्याने घड्याळ बघितलं. मास्तरांकडे बघितलं. पुन्हा त्या ओळीकडे बघितलं. कपातली कॉफी बुटावर सांडली तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. मग कचेरीतल्या मुलीला हाक मारून त्याने कागद मागवला आणि तिथेच पायरीवर बसून सही केली. मालकाचं नाव, हॉटेलचा शिक्का, सगळं. दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांच्या कामासाठी हा माणूस माझ्या नवऱ्याला तुरुंगाच्या दारात नेऊन सोडणार होता!

मास्तरांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला. मग त्यांनी मान वाकवली, आणि त्यांचे हात हळूहळू छातीकडे जायला लागले. आभार मानायचे होते त्यांना. त्या माणसाचे!

मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. सगळ्यांदेखत.

"नाही मास्तर," मी आमच्या भाषेत म्हटलं. "याच्यासमोर नाही."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. एरवी त्यांनी मला समजावलं असतं, की अगं, त्याने काम दिलं ना. त्या दिवशी नाही समजावलं. त्यांनी हात खाली सोडले, सैल, लोंबते, आमच्या गावात कुणाच्या दारात असे उभे राहिले असते तर लोकांनी आईबाप काढले असते. मग वळून ओळीला म्हणाले, "बसा बाळांनो." शाळेत म्हणायचे तसं. चाळीस घड्या सुटल्या.

रूलोफने सुटकेचा श्वास सोडला. मास्तरांकडे वरून खालपर्यंत बघून हसला.

"हं," तो मला म्हणाला. "आता कसा सभ्य माणूस वाटतो."

"हो, साहेब," मी म्हटलं. अकरा वर्षं मी असल्या साहेबांसमोर हात सैल सोडून उभी राहत आले होते. त्या सकाळी पहिल्यांदाच मुद्दाम तशी उभी राहिले.