याकोव दोनदा, पेरिना एकदाही नाही

पेरिना ओट्यापाशी उभी राहून तारल्यांची डोकी खुडत होती, तेव्हा तिचा नवरा याकोव दारात येऊन घुटमळला. हा माणूस घुटमळला की समजावं, काहीतरी मागायचं आहे आणि मागायची लाज वाटते आहे.

"बोल," ती मागे न बघताच म्हणाली.

"विच्को विचारतोय, उद्या गायला येशील का?"

पेरिनाच्या हातातली तारली हातातच राहिली. विच्को म्हणजे गावच्या क्लापाचा म्होरक्या. आमच्या बेटावर पुरुष वाद्यांशिवाय, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून अर्धगोलात उभे राहून गातात, तो क्लापा. वरचा आवाज लावणारा तादिया हिवाळ्यात आयर्लंडला कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला गेला आणि मागे उरले चौघे. शहरातल्या मोठ्या मेळाव्याला किमान पाच गाणारे लागतात, आणि त्यांच्या गाण्याची चित्रफीत आधी पाठवावी लागते. ती पाठवायचा उद्या शेवटचा दिवस होता.

तादियाचा तो वरचा आवाज गावात आणखी एकाच गळ्यात होता, पेरिनाच्या. जाडसर, सरळ, कुठेही न थरथरणारा. याकोवला नवं गाणं बसत नसे तेव्हा तीच त्याला भांडी घासता घासता सगळे आवाज एकेक करून गाऊन दाखवायची. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही बोलून दाखवत नव्हतं.

"मी? क्लापात?" तिनं घाईघाईनं हात पुसले. "अरे देवा! काळा स्कर्ट इस्त्री करायला हवा."

"स्कर्टचं काही नाही गं," याकोव चाचरत म्हणाला. "म्हणजे... तू दिसणार नाहीस."

"मग कोण दिसणार?"

"मी."

"तू तर असतोसच."

"मी दोनदा."

पेरिनानं त्याच्याकडे असं पाहिलं की याकोवनं सगळं एका दमात सांगून टाकलं. "लोव्रे आहे ना, लग्नांचं शूटिंग करणारा? तो कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवतो. आधी मी डावीकडे उभा राहतो. मग कॅमेरा तसूभरही न हलवता मी उजवीकडे जातो, टोपी घालून, मिशा लावून. नंतर तो डावी बाजू आणि उजवी बाजू मधोमध जोडून टाकतो. एकाच चित्रात दोन याकोव! पाच माणसं झाली. दुसरा याकोव नुसते ओठ हलवणार. आवाज तुझा."

"मला घरात एक याकोव आवरत नाही, आता दोन!" पेरिना खळखळून हसली. मग तिचं हसू विरलं. "म्हणजे तुमच्या क्लापाला दोन याकोव चालतात. एक पेरिना चालत नाही."

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

याकोव ओट्यावरची एक तारली उचलून उगाच तिचं डोकं खुडू लागला.

तुम्ही म्हणाल, तिनं तेव्हाच ठणकावून नाही का म्हटलं नाही? तिला गायचं होतं, म्हणून. इतकी वर्षं सिंकपाशी गाणाऱ्या बाईला एकदा त्या चौघांबरोबर गायला मिळणार होतं, मग ते भिंतीआडून का होईना! तुमच्या-माझ्या घरातल्या किती बायका अशाच भिंतीआडच्या जागेवर समाधान मानून घेतात, आठवून बघा. तिनं त्या दिवशी होकार दिला.

सकाळी चर्चपुढच्या चौकात सगळे जमले. ऊन स्वच्छ होतं, आणि ते तसंच राहायला हवं होतं. दोन फेऱ्यांमध्ये ढग आला तर अर्धं चित्र उजळ आणि अर्धं काळवंडलेलं दिसेल, असं लोव्रेनं बजावलं होतं. खिडक्यांतून बायका वाकून बघत होत्या. खर्ज लावणारे बेपो आणि प्रॉस्पेर हे जोडीदार पहाटेपासूनच रंगात आले होते.

"दुसऱ्या याकोवलाही जेवायला घालावं लागणार का रे?" बेपोनं विचारलं.

"त्याला माझी बायको देतो," प्रॉस्पेर म्हणाला. "एकदा जाऊ दे बिचाऱ्याला त्या भोगातून."

"ऐकतेय मी!" वरच्या खिडकीतून आवाज आला, आणि चौक हसला.

पेरिनाला पाण्याच्या टाकीमागे उभं केलं. तिच्यापुढे मायक्रोफोन होता आणि नाकासमोर दगडी भिंत. लोव्रेनं चौकाच्या मधोमध खडूनं एक रेघ ओढली. "नीट ऐका! ही रेघ म्हणजे जोड. डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे. कुणाचा हात, पाय, कोपर, काहीही पलीकडे गेलं की कापलं गेलंच समजा. मधली एक माणसाची जागा मोकळी ठेवा."

पहिली फेरी पार पडली. विच्को आणि याकोव डावीकडे, बेपो आणि प्रॉस्पेर उजवीकडे. मग याकोव मिशा चिकटवून उजवीकडे रेघेलगत आला, आणि दुसरी फेरी सुरू होताच सवयीनं त्याचा हात शेजाऱ्याच्या खांद्याकडे गेला. तिथे कुणीच नव्हतं.

"हात खाली!" लोव्रे ओरडला. "पुन्हा!"

पुन्हा सुरू केलं. पुन्हा हात गेला. तिसऱ्यांदा विच्को भडकला. "अरे, बांधून ठेवू का तुझा हात?"

"बांधच," दगडी बाकावरून कुणीतरी म्हणालं. ते बार्बा कुझ्मा होते. बार्बा म्हणजे साऱ्या गावाचे काका. एके काळी त्यांच्या खर्जानं खिडक्यांच्या काचा थरथरायच्या म्हणतात. घशाचं ऑपरेशन झालं आणि आता त्यांच्याकडे उरली होती नुसती कुजबुज. ते बोलायला लागले की सगळ्यांना गप्प बसावं लागे.

"विच्को, खांद्यावर हात कशाला ठेवतात रे?"

"अहो बार्बा, आता वेळ आहे का? रीत आहे ती."

"रीत!" म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं. "शेजारचा श्वास कधी घेतोय ते हाताला कळतं, म्हणून ठेवतात. मग सगळे एकदम घेतात आणि एकदम सोडतात. हा पोरगा कुणाचा श्वास शोधतोय? स्वतःचा? ज्याच्या श्वासावर तुम्ही सगळे गाताय ती बाई टाकीमागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे. शाळेत शिक्षा केल्यासारखी!"

विच्को लालबुंद झाला, पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार? "चला, सुरू करा," तो कोरडेपणानं म्हणाला. "ऊन चाललंय."

सुरू झालं. टाकीमागून वरचा आवाज उठला, आणि खिडक्यांतल्या बायका नकळत पुढे वाकल्या. दुसरा याकोव ओठ हलवू लागला. पेरिनाला टाकीच्या कडेनं तो दिसत होता, खोट्या मिशांखाली तिचे शब्द चघळणारा. ती त्याला ओळखत होती, त्याच्यावर प्रेम करत होती, आणि तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा राग नव्हता तो. आपण स्वतःच इथे येऊन उभ्या राहिलो, याचा होता!

ओळीच्या मध्यावर तिनं गाणं थांबवलं.

याकोवचे ओठ क्षणभर तसेच हलत राहिले. आवाज नसलेलं उघडं तोंड बघून कुणीतरी फिसकन हसलं. तोवर पेरिना टाकीला वळसा घालून निघाली होती. घरच्याच कपड्यांत ती चौकात आली आणि खडूच्या रेघेवर जाऊन उभी राहिली.

"अहो बाई, रेघ! रेघ!" लोव्रेनं डोकं धरलं. "सगळं फुकट जाईल!"

"जाऊ दे," पेरिना म्हणाली. "ही जागा रिकामी आहे ना? मग मी इथंच उभी राहणार."

"पेरिना, वेडेपणा करू नकोस," विच्को पुढे आला. "तुझ्या आवाजाला कुणी नावं ठेवली का? पण हा पुरुषांचा क्लापा आहे. माझ्या बापाचा, आज्याचा. उद्या लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते मला नको सांगू, तू काय म्हणतोस ते सांग. एकच पुरुष टोपी घालून दुसऱ्यांदा उभा केला, तर तुझ्या आज्याला चालतं? दुसऱ्याच्या गळ्यावर ओठ हलवलेले चालतात? आणि जिचा गळा आहे ती नुसती दिसली तर बाटतं का रे सगळं?"

"अगं, बायकांचा वेगळा क्लापा काढ ना! कोण अडवतंय?"

"मग माझा आवाज तिथंच नेते. मायक्रोफोनमध्ये गेलाय तेवढाही पुसून टाक, लोव्रे. मी दिसले तर माझा आवाज मिळेल. नाही दिसले तर नाही!"

"म्हणजे मेळावा बुडाला," बेपो हळूच म्हणाला.

"बुडू दे!" ती कडाडली. "मी नाही बुडवला. पाचवा माणूस समोर उभा असताना तुम्हीच तो खोटा बनवायला निघालात."

आता सगळे याकोवकडे बघू लागले. त्यानं मिशा उपटल्या. जोरात उपटल्या असाव्यात, कारण डोळ्यांत पाणी आलं, निदान तो नंतर तसंच सांगत असे. तो रेघ ओलांडून तिच्या शेजारी आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी एकदाच दिसेन," तो विच्कोला म्हणाला. "जमत नसेल तर मलाही वगळ."

प्रॉस्पेर आणि बेपो एकमेकांकडे बघून सरकत जवळ आले. राहिला विच्को. तो दोन्ही हात खिशात घालून तिच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला, गुर्मीत, तोंड फिरवून. लोव्रेनं काही न विचारता कॅमेरा चालू केला. पेरिनानं श्वास घेतला आणि सुरुवात केली.

शेवटच्या कडव्याआधी एक लांब विराम आहे. तिथे सगळ्यांना एकदम सुटायचं असतं, आणि डोळे समोर असतात. विच्कोला तिचा श्वास कळेना. त्याचा हात खिशातून निघाला, हवेत थोडा अडखळला आणि तिच्या खांद्यावर येऊन टेकला. पाचही आवाज एकदम सुटले. बार्बा कुझ्मांनी डोळे मिटून घेतले.

चित्रफीत गेली, जशी होती तशी. आठवडाभरानं मेळाव्यातून विच्कोला फोन आला. गाणं फार आवडलं, पण पुरुषांच्या विभागात बाई कशी घेणार? पाचवा पुरुष नाही का तुमच्याकडे?

दुकानात पावासाठी उभ्या असलेल्या सगळ्यांनी विच्कोचं उत्तर ऐकलं. "बनवून देऊ शकलो असतो," तो म्हणाला. "आमच्याकडे एक माणूस दोनदा दिसतो. पण मला लाज वाटली. माझी मलाच वाटली, उशिरा का होईना! आम्ही पाचजण आहोत साहेब. पेरिना धरून पाच. तिला खोडायचं असेल तर पाचही नावं खोडा."

त्यांनी खोडली.

दरवर्षी मेळाव्याच्या दिवशी आमचं अर्धं गाव बोटीनं शहरात जातं. त्या वर्षी मात्र संध्याकाळी बोट धक्क्याला लागली, भोंगा वाजवून थांबली आणि रिकामीच गेली. सगळं गाव चौकात होतं. खिडकीतल्या बायका पहिल्यांदाच खाली उतरून पुढच्या बाकांवर बसल्या होत्या, आणि काळा स्कर्ट घातलेली पेरिना चौघांच्या मधोमध उभी होती.

मंडळी, आवाज एकीचा आणि चेहरा दुसऱ्याचा, हे काही फक्त चित्रफितीत घडत नाही. तुमच्या कचेरीत, घरात, सभेत कुणाच्या कष्टावर कोण ओठ हलवतंय, ते बघा. तो दुसरा तुम्ही असाल तर बाजूला व्हा. आणि त्या भिंतीआड तुम्हीच उभ्या असाल, तर ताई, ओळ अर्ध्यावर आली असली तरी थांबा आणि बाहेर या!