एकशे अडतिसावी मान

मी कोयता. आजवर एकशे अडतीस माणसं मारली. एकालाही ओरखडा आला नाही. खरं रक्त काढलं ते एकदाच, आणि ज्यानं मला जपलं त्याचंच.

मासवणच्या लोहारानं मला नारळ सोलायला घडवलं. घेतलं मुरब्याच्या धर्माजीनं, आणि पहिल्याच दिवशी कानस लावून माझी धार मारून टाकली. मला राग आला. मग कळलं, हा सिनेमात आणि मालिकांत गुंड होतो. रबरी कोयता पडद्यावर लुळा दिसतो. त्याला लोखंडच पाहिजे होतं.

तीस वर्षं आम्ही लोक कापले. सावकार कापले, हवालदार कापले, भर मांडवात नवरदेव कापला. पोटं फाडली, माना उतरवल्या. नकली रक्ताचा लाल पाक माझ्या पात्यावर वाळायचा, त्यावर माशा बसायच्या. धर्माजीचं नाव सिनेमाच्या नामावलीत शेवटी, बारीक अक्षरात. कधी तेही नाही. पण वार पहिल्याच टेकला बरोबर बसवणारा म्हणून बोलावणं त्यालाच.

त्याची एक रीत होती. समोरच्याच्या मानेला टेकवण्याआधी तो मला सगळ्यांदेखत स्वतःच्या डाव्या हातावर जोर देऊन ओढायचा. "बघ. आता भिऊ नको." आपल्या हातून कुणाला इजा नाही, एवढाच त्याचा ताठा.

गेल्या साली घरात नवी सून आली, मेघाली, मासवणची. माळ्यावर फडक्यात गुंडाळलेला मी तिला सापडलो. माझ्यानं शहाळं फुटेना. सासरचं हत्यार बोथट, तिला लाज वाटली. माहेरी गेली तेव्हा लोहाराकडून मला धार लावून आणलं आणि त्याच फडक्यात गुंडाळून ठेवलं. सांगायचं राहून गेलं.

पुढच्याच आठवड्यात बोईसरला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये शूटिंग होतं. मान धीरजची. तो हिरोचा भाऊ झाला होता. सहायक म्हणाला, "काका, ते हातावरचं आज राहू द्या. ऊन जातंय."

"मान तुजी हाय काय?"

"माझी आहे," धीरज हसला, "आणि मला घाई नाही."

धर्माजीनं मला ओढलं. नेहमीच्या जोरानं.

मी हाडाला लागलो. खरं रक्त पाकासारखं संथ नसतं. ते उडतं. धीरजचा सदरा भिजला. मेकअपवाला ओरडला, "अरे, पाकाची पिशवी आत्ताच कुणी फोडली?"

धर्माजी गुडघ्यांवर बसला होता. "तुला लागलं काय?"

धीरज स्वतःची मान चाचपत होता. "नाही, काका."

"मग झालं."

डाव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. घरी मेघाली दाराआड रडत होती. "बाबा, मीच तुमाला मारलं."

"रडू नको. कानस आण."

एका हातानं कानस चालत नाही. तिनं माझी मूठ दोन्ही हातांनी दाबून धरली, त्यानं घासलं. असं आठ दिवस.

तीन महिन्यांनी त्याच शेडमधून बोलावणं आलं. दुसऱ्या कुणाच्या हाती मान द्यायला धीरज तयार नव्हता. टेबलावर रबरी कोयता काढून ठेवला होता. धर्माजीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

धीरजनं बाही वर केली. "काका, आज माझ्या हातावर ओढा."

"हात खाली कर."

त्यानं मला जुन्या व्रणावर टेकवलं. माझी मूठ घामानं ओली झाली. मग ओढलं, नेहमीच्याच जोरानं. पांढरी रेघ उठली. तेवढीच.

मग मान उतरवली. एकशे अडतिसावी. धीरज उठला, माती झटकली आणि चहा प्यायला गेला.

मी आता माळ्यावर आहे. चुकून कुणी हात घालू नये म्हणून मेघालीनं फडक्याला लाल दोऱ्याची गाठ मारली आहे. माझं मागणं एकच. ती गाठ सुटली, तरी मला बोथटच राहू द्या.